पाठ मॅडमकडे, तोंड माझ्याकडे

घाबरलेला माणूस बोलतो. गप्प राहायचं ठरवून आलेला असला तरी बोलतो. गेली सोळा वर्षं मी अशा माणसांच्या तोंडासमोर उभा आहे, त्यामुळे माझ्याकडे किस्से साठले नसते तरच नवल! घरी सांगायला लागलो की बायको म्हणते, "जेवताना नको." म्हणून आज तुम्हाला सांगतो.

मी नगरच्या एका दवाखान्यात मेंदूविकाराच्या वॉर्डात ब्रदर आहे. ब्रदर म्हणजे नर्सच, फक्त पुरुष. गाव पाथर्डी तालुक्यातलं तिसगाव. आमच्या वॉर्डात एक काम सारखं चालतं, पाठीचं पाणी काढायचं. कागदावर लंबर पंक्चर, आमच्या बोलण्यात एल.पी. मेंदू आणि मणक्याच्या आत जे पाणी खेळत असतं, ते कमरेजवळच्या दोन मणक्यांमधून बारीक सुईनं थोडंसं काढायचं आणि तपासायला पाठवायचं. सुई मारतात कराळे मॅडम, आमच्या न्यूरोलॉजिस्ट. पेशंटला कुशीवर झोपवून, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी, असं मुटकुळं करून धरून ठेवतो मी. पाठ मॅडमकडे, तोंड माझ्याकडे. त्यामुळे मॅडमना ऐकू येत नाही ते बरंच काही मला ऐकू येतं.

* * *

पहिला पैलवान सांगतो. वय एकोणतीस, वजन एकशे सव्वीस किलो. दोन आठवडे ताप, डोकं ठणकतंय, मान पुढे वाकत नाही. स्कॅन झाला, डोळे तपासून झाले, मॅडम म्हणाल्या, आजच पाणी बघायला हवं.

पैलवान ऐकेना. सुईची भीती असेल असं मला वाटलं. तसं नव्हतं. तो म्हणाला, "ब्रदर, आमच्यात पाठ लागली की मानूस हरला. आन तुमी पाठच मागताय."

त्याच्या वस्तादांना फोन लावला. वस्ताद फोनवर एवढंच म्हणाले, "पाठ दे त्यांना. ही कुस्ती येगळी हाय." पैलवान तयार झाला.

आता खरी पंचाईत पुढे होती. एवढ्या मोठ्या पाठीत झोपवून मणका हाताला लागेना. मॅडमनी त्याला कॉटच्या कडेला बसवायला सांगितलं, पाय खाली स्टुलावर, पुढे उशी, आणि उशीला टेकू म्हणून मी. पैलवानानं दोन्ही हात माझ्या खांद्यावर टाकले आणि वाकला. एकशे सव्वीस किलो! माझं वजन त्याच्या निम्मंही नाही. मॅडम मागून सांगत होत्या, "अजून वाकवा. पाठ गोल हवी. आणि कोणी हलू नका." माझ्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. घाम डोळ्यांत उतरला तर पुसायला हात नाही.

सुई बरोबर गेली. बाटल्या भरल्या, सुई निघाली, पट्टी लागली. पैलवान सरळ झाला, मागे वळून म्हणाला, "मॅडम, तुमचा हात लई हलका. पन मगाधरनं थरथरतंय कोन?"

मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवलं.

* * *

पाठीचं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, ही समजूत आमच्या जिल्ह्यात गावोगाव आहे. किती वेळा समजावलं असेल त्याचा हिशोब नाही. सुई जिथं टोचतात तिथं मज्जारज्जू नसतोच, तो वरच संपलेला असतो, खाली नुसते दोऱ्यासारखे धागे पाण्यात सुटे असतात. हे मी रोज चित्र काढून सांगतो.

नेवाशाकडची एक बाई होती, सुमनताई. अंगणवाडीत काम करायची. चार दिवसांत पायांतली ताकद गेली, पाचव्या दिवशी हातांत मुंग्या. कोणता आजार आहे याचा मॅडमना अंदाज आला होता, पण इंजेक्शनं लवकर सुरू करायची तर खात्री हवी होती. सोबत तिचे मामा होते. पांढरी टोपी, खणखणीत आवाज. ते वॉर्डाच्या दारातच आडवे आले.

"पानी काढायचं न्हाई. आमच्या गावात एकाचं काढलं, त्याचे पाय गेले."

मॅडमनी समजावलं, मी चित्र काढलं. मामा हलेनात. मग कॉटवरून सुमनताईच बोलली. आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्पष्ट होते. "मामा, माझे पाय गेलेच हायेत. आता जायला काय राह्यलंय? काढू द्या त्यांना."

मामा बाजूला झाले. पाणी काढलं, निदान पक्कं झालं, इंजेक्शनं सुरू झाली. बरं व्हायला वेळ लागला, पण तीन महिन्यांनी सुमनताई आपल्या पायांनी ओपीडीत आली. आम्ही सगळे बाहेर येऊन बघत होतो. मी तर हातातले केसपेपर टाकून वॉर्डातून धावलो होतो.

गंमत पुढेच आहे. त्याच्या पुढच्या आठवड्यात मामा परत आले. सोबत गावातली तीन माणसं, तिघंही लंगडत. मामा मॅडमना म्हणाले, "यांचंबी पाठीचं पानी काढून टाका. पाय येत्यात."

तिघांचेही गुडघे दुखत होते. पाण्यानं पाय आले नाहीत, इंजेक्शनांनी आले, हे मामांना पटवायला मॅडमना पहिल्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागला.

* * *

एक छोटासा. हे पाणी निरोगी असेल तर अगदी नितळ असतं, काचेच्या बाटलीत भरलंय की नाही कळू नये इतकं. एका पेशंटच्या बायकोनं बघायला मागितलं. मी बाटली उजेडात धरून दाखवली.

तिनं बराच वेळ न्याहाळलं. "ह्यांच्या डोक्यातलं हाय हे?"

म्हटलं, "हो, तेच पाणी मेंदूभोवती फिरतं."

"इतकं सोच्छ?" ती म्हणाली. "वागन्यावरनं वाटलं न्हवतं कधी."

* * *

पाणी काढून झालं की काम संपलं असं लोकांना वाटतं. खरी घाई तिथून सुरू होते. त्यातल्या पेशी उशीर झाला की विरघळायला लागतात. मग लॅबवाल्यानं मोजायचं काय?

एकदा आमच्या लॅबचं मशीन बंद पडलं होतं. सॅम्पल बाहेरच्या लॅबला न्यायचं होतं, दीड-दोन किलोमीटरवर. त्या लॅबचे सलीमभाई माझे जुने मित्र, मी फोन करून ठेवला. पेशंट बेशुद्धीकडे चाललेली मुलगी, टीबीचा मेंदुज्वर असावा असा संशय. मी तिच्याजवळून हलू शकत नव्हतो, म्हणून बाटल्या तिच्या दाजींच्या हातात दिल्या. दाजी आमच्याच तिसगावकडचे, भरवशाचा माणूस. मी म्हणालो, "दाजी, जपून न्या."

दहा मिनिटांनी सलीमभाईंचा फोन, "कोणी आलं नाही." वीस मिनिटांनी पुन्हा, "अजून नाही." अर्ध्या तासानं मला बसवेना. दाजींचा मोबाईल कॉटखाली पिशवीत वाजत होता! मॅडम फेऱ्या मारत होत्या. एवढ्या आजारी मुलीला परत सुई मारायची का, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. शेवटी सलीमभाईच मोटरसायकल काढून रस्त्याला लागले. आणि वाटेत त्यांना दाजी दिसले.

भर रस्त्यात, उन्हात, दोन्ही हातांत बाटल्या छातीशी धरून दाजी एकेक पाऊल मोजून टाकत चालले होते. रिक्षा मुद्दाम केली नव्हती. खड्ड्यांत हिंदकळेल म्हणून.

सलीमभाईंनी त्यांना मागे बसवून आणलं, आल्या आल्या मायक्रोस्कोपखाली घेतलं. नशिबानं पाणी कामाचं निघालं. संध्याकाळच्या आत औषधं सुरू झाली, आणि आठव्या दिवशी ती मुलगी स्वतःच्या हातानं पाणी प्यायली. ते बघून दाजी व्हरांड्यात जाऊन रडले.

मी नंतर त्यांना जरा रागावूनच विचारलं, "दाजी, एवढा उशीर?"

दाजी म्हणाले, "तुमी जपून न्या म्हनला. पळत न्या म्हनला असता तर पळत गेलो असतो."

चूक माझीच होती. आता सॅम्पल मी स्वतः नेतो, नाहीतर "पळत न्या" म्हणतो.

* * *

सुई मारायच्या आधी मॅडम एक प्रश्न हमखास विचारतात. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? चालू असेल आणि सुई मारली, तर आत रक्त साठून पाय खरोखर जाऊ शकतात. म्हणून हा प्रश्न आधी मी विचारतो, मग ज्युनियर डॉक्टर, मग मॅडम.

एक गृहस्थ होते, किराणा दुकानदार, साठीच्या आसपास. पाय बधिर होत चालले होते म्हणून दाखल झालेले. तिघांनी विचारलं, तिन्ही वेळा उत्तर एकच, "कसलीच गोळी नाही. ठणठणीत आहे मी." बायको शेजारी उभी होती. फॉर्मवर सही झाली, बायकोला पडद्याबाहेर थांबवलं, मी त्यांना कुशीवर वळवून मुटकुळं केलं. मॅडमनी पाठ साफ केली, जागा बधिर करायचं इंजेक्शन हातात घेतलं.

तेवढ्यात त्यांनी माझी बाही ओढली. ओठ माझ्या कानाशी आणून कुजबुजले, "ब्रदर, एक गोळी आहे. हार्टच्या ठोक्यांची. पुण्याच्या डॉक्टरांनी दिलीय. रक्त पातळ होतं म्हणाले होते."

"मॅडम, थांबा," मी म्हणालो. एरवी माझा आवाज चढत नाही, त्या दिवशी चढला. मॅडमचा हात जागच्या जागी थांबला.

"कधी घेतली शेवटची?" मॅडमनी विचारलं.

"आज सकाळी."

मॅडमनी इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवून दिलं. ग्लोव्हज काढले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

मी त्यांना हळूच म्हणालो, "काका, तीन वेळा विचारलं आम्ही."

"बायको उभी होती ना," ते म्हणाले. "तिला माहीत नाही. कळलं तर झोप उडेल तिची. दुकानाचा माल आणायला जातो सांगून पुण्याला जातो मी. तिला सांगू नका."

पडदा बाजूला झाला. काकू आत आल्या.

"कुठली, ती गुलाबी गोळी?" त्या म्हणाल्या. "वर्ष झालं, रोज सकाळी मीच ठेवते तुमच्या सदऱ्याच्या खिशात. तुम्ही विसरता म्हणून."

मॅडमनी काकूंना विचारलं, "मग मघाशी बोलला का नाहीत?"

काकू म्हणाल्या, "मला कुठं कोणी विचारलं?"

हार्टच्या डॉक्टरांशी बोलून गोळी काही दिवस थांबवली, मग एल.पी. केली, सगळं नीट झालं. त्या दिवसापासून आमच्या वॉर्डात हा प्रश्न चार वेळा विचारला जातो. चौथ्यांदा बायकोला.

* * *

एक किस्सा न मारलेल्या सुईचा.

शबाना नावाची चोवीस वर्षांची मुलगी. तिचे अब्बा सुतारकाम करणारे, नेवासा फाट्याजवळ त्यांचं छोटं दुकान. तीन आठवडे डोकं दुखतंय, उलट्या, अधूनमधून ताप. तालुक्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती, पाठीचं पाणी लगेच तपासून घ्यावं. अब्बा म्हणाले, "लवकर काढा. आम्हाला कशाची हरकत नाही." इतके तयार नातेवाईक आम्हाला क्वचित मिळतात! मी उत्साहात ट्रे उघडून ठेवला.

मॅडम आल्या. ट्रेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आधी डोळे, मग पाठ," म्हणाल्या. खोलीतला दिवा बंद केला आणि छोटा टॉर्च घेऊन शबानाच्या डोळ्यात वाकून बघायला लागल्या. एक डोळा, मग दुसरा, मग परत पहिला. मग सरळ उभ्या राहिल्या.

"ट्रे झाका, ब्रदर. ही सुई आज मारायची नाही."

डोळ्याच्या पडद्याला आतून सूज होती. म्हणजे कवटीत दाब वाढलेला. अशा वेळी खालून पाणी काढलं तर वरचा मेंदू खाली सरकतो आणि पेशंट टेबलावरच जाऊ शकतो. मॅडमनी शबानाला विचारलं, "कान वाहतो का गं?" तिनं डाव्या कानावर हात ठेवला. "लहानपणापासून."

अब्बा मात्र भडकले. "तिकडचे डॉक्टर म्हणतात काढा, तुम्ही म्हणता काढायचं नाही. तुम्हाला जमत नसेल तर सांगा, दुसरीकडे नेतो." मॅडम शांतपणे म्हणाल्या, "न्या, पण स्कॅन करून न्या." आणि स्वतः ट्रॉली ढकलत स्कॅनला गेल्या.

फोटो आला. कानाच्या वर, मेंदूत पुवाची लिंबाएवढी गाठ. मॅडमनी अब्बांना बोलावून पडद्यावर दाखवलं, सुई मारली असती तर काय झालं असतं तेही सांगितलं. ते खुर्चीत बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. मी ट्रे उघडून ठेवला होता हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. शबानाचं त्याच दुपारी ऑपरेशन झालं. वाचली.

मी मॅडमना म्हणालो, "मी तर सगळं मांडून ठेवलं होतं." मॅडम म्हणाल्या, "सुई मारायला मी सहा महिन्यांत शिकले, ब्रदर. न मारायला फार वर्षं लागली."

दोन महिन्यांनी अब्बा आले. खांद्यावर सागवानी स्टूल. एल.पी. करताना कराळे मॅडम कायम उभ्यानं, अवघडून वाकलेल्या, हे वॉर्डात असताना बघून शबानानं त्यांना सांगितलं असावं. स्टूल बरोबर मॅडमच्या मापाचं होतं.

"ज्याच्यावरून मी भांडलो, ते काम बसून करत जा," ते म्हणाले.

* * *

आता शेवटचा.

खर्ड्याकडचे रंगनाथ आबा, वय त्र्याहत्तर. दोन वर्षांपासून चालणं गेलेलं. पाय लुळे नव्हते, पण जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. उंबऱ्याशी तर हमखास. उंबऱ्यापुढे उभे राहायचे आणि उभेच राहायचे. त्यात विसरायला लागले, धोतर ओलं व्हायला लागलं. मुलगा म्हणाला, "म्हातारपण हाय, आमी धरूनच चालवतो आता." सोबत आबांची बायको होती, गोदाआजी. काटकुळी बाई, खांदा एका बाजूला झुकलेला. दोन वर्षं आबांना तिनंच उठवलं, बसवलं, धुतलं. दवाखान्यात आल्यापासून व्हीलचेअरही तीच ढकलत होती, आम्हाला हात लावू देत नव्हती.

मॅडमनी स्कॅन बघितला आणि त्यांचे डोळे चमकले. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ब्रदर, हे म्हातारपण नसेल कदाचित. मेंदूत पाणी साठलंय. नेहमीपेक्षा जास्त पाणी काढून बघू. चालण्यात फरक पडला, तर ऑपरेशननं कायमचा उपाय आहे."

आधी आबांना कॉरिडॉरमध्ये चालवून मोबाईलवर व्हिडिओ काढला. दहा पावलं टाकायला किती वेळ गेला काय सांगू. पाय घासत, इंच इंच. वॉर्डाच्या दाराशी आले आणि थांबले. गोदाआजी म्हणत होती, "उचला. उचला की पाय." आबा पायांकडे नुसते बघत होते, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. शेवटी मी आणि मुलानं उचलून पलीकडे ठेवलं.

मग एल.पी. झाली. एकामागून एक बाटल्या भरत होत्या, मुटकुळं करून धरलेले आबा माझ्या मागच्या भिंतीकडे बघत होते.

जेवण झालं, तीन तास गेले. मॅडम मोबाईल घेऊन आल्या. मी आबांच्या कमरेचा पट्टा घट्ट धरला. "आबा, उठा. चालायचंय."

आबा उठले. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तिसऱ्याला पाय जमिनीवरून उचलला गेला. मला आधी माझ्या हातातला पट्टा सैल झाल्याचा भास झाला. सैल झाला नव्हता, आबा पुढे गेले होते! दार आलं. मी आबांना सावरायच्या तयारीत. आबांनी दार ओलांडलं. थांबलेसुद्धा नाहीत. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेले, स्वतः वळले आणि परत यायला निघाले. मुलगा भिंतीला टेकून "बाप रे, बाप रे" करत होता. सगळा वॉर्ड कॉटवर उठून बसला होता. मॅडम मोबाईल धरून उलट्या चालत होत्या आणि हसत होत्या. सोळा वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं.

आबा गोदाआजीसमोर येऊन उभे राहिले. तिनं त्यांच्या पायांकडे बघितलं, तोंडाकडे बघितलं. मग शेजारची रिकामी व्हीलचेअर ओढली, पदर सावरला आणि स्वतःच तिच्यात बसली.

आबांनी चेअरचे दोन्ही दांडे धरले. मी पट्टा सोडला नाही.

"कुठं न्यायचं?" आबांनी विचारलं.

"कँटीनला," ती म्हणाली. "च्या पाजा."